माटोळीतलं अस्वल

दिवस चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदला, तयेचा. वेळ दुपारची, जेवणं उरकल्यावरची. जागा लाटंबार्शातलं आमचं घर, पुढची मोठी खोली. हजर: आप्पा, म्हणजे माझे मोठे काका आणि घरातला शेवटचा शब्द, काकी, त्यांचा मुलगा प्रसाद, माझ्यापेक्षा वर्षाने मोठा, माझी आई, मागच्या खोलीत भाड्याने राहणारा, खाणीवर ट्रक चालवणारा दोडामार्गचा गोपाळ, आणि मी, संध्या, अकरावीत शिकणारी. गैरहजर: बाबा. ते अंटार्क्टिकावर होते.

हे शेवटचं वाक्य मी अजूनही कोणाला सांगितलं की समोरचा माणूस हसतो. त्यात हसण्यासारखं काही नाही. बाबा खाणीवरच्या यंत्रांचे मेकॅनिक होते. दक्षिणेच्या बर्फाकडे जाणारं जहाज तेव्हा मुरगांव बंदरातून निघायचं आणि बर्फावर चालणाऱ्या गाड्या दुरुस्त करायला माणसं लागायची. बाबा आधी एकदा उन्हाळ्यापुरते जाऊन आले आणि दुसऱ्या खेपेला हिवाळा काढायला तिथेच राहिले. पहिल्या खेपेहून येताना त्यांनी फोटो आणले आणि पेंग्विनांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं. ते मी शब्दकोश मांडीवर घेऊन, पान न् पान वाचून काढलं. घरात दुसरं कोणी ते उघडलं नाही. प्रसादने फोटो तेवढे पाहिले आणि एका फोटोतल्या पक्ष्याला आप्पांसारखी ढेरी आहे असं म्हणून मार खाल्ला.

माटोळी गोव्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते, म्हणून थोडक्यात सांगते. गणपतीच्या बरोबर वर, छताला लाकडाची एक आडवी चौकट टांगतात. तिला रानातली आणि परसातली फळं, भाज्या, शेंगा, वेली केवणीच्या सालीच्या दोराने बांधतात. सुपारीची शिपटी, असोळे नारळ, केळ्यांचा घड, आंबाडे, तोरिंजनं, निरफणस, चिबूड, कांगलां, जे मिळेल ते. आमच्याकडे हे सगळं आई गोळा करायची. श्रावण संपत आला की ती काजूच्या बागेमागच्या डोंगरावर जायची आणि पाठीला ओलं ओझं घेऊन, पायांना जळवा लावून परत यायची. ते बांधायचे मात्र पुरुष. आणि एक नियम असा, की गणपती बसला की माटोळीतलं काहीही खाली उतरवायचं नाही. विसर्जन होईपर्यंत ते देवाचं.

त्या वर्षी तालुक्यातल्या एका मंडळाने माटोळीची स्पर्धा ठेवली. परीक्षक घरोघर येणार होते आणि माटोळी ज्याने केली त्याने ती समजावून सांगायची होती. फळांपासून आकृत्या करायची टूम नुकतीच निघाली होती. कोणी मोर करायचं, कोणी घुमट हे मातीचं वाद्य. मी आप्पांना म्हटलं, मी पेंग्विन करते. त्यांनी वर्तमानपत्र खाली न घेता कर म्हणून सांगितलं. माझा समज असा झाला, की जो करील तोच सांगेल. मंडळाने तसंच म्हटलं होतं. मी ते शब्दशः घेतलं, ही चूक नव्हती. आजही मी शब्दशः घेते आणि आजही लोकांना त्याचा त्रास होतो.

मी कामाला लागले. कशापासून काय करायचं ते आधी ठरवलं, मग कुठे काय बांधायचं ते. पक्ष्यांची अंगं वांग्यांची. जांभळ्याकाळ्या वांग्याच्या पुढच्या बाजूला तांदळाच्या पिठाची पेज दाट करून लावली की पोट होतं. सगळ्यात मोठं, लांबट वांगं सम्राट पेंग्विनसाठी. त्याच्या मानेला हळदीचा पट्टा. आडेली ह्या जातीच्या डोळ्यांभोवती पांढरी कडी. एका जातीच्या हनुवटीखाली काळी दोरी बांधल्यासारखी रेघ असते, तिला मी खरोखरच काळा दोरा बांधला. खडकांवर उड्या मारत चढणाऱ्या जातीला पिवळा तुरा असतो, त्याला मक्याचे केस लावले. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर बिळात राहणारा, अंधार पडल्यावर पाण्यातून वर येणारा अगदी छोटा निळसर पेंग्विन, त्याला बोटाएवढं वांगं. गोपाळ ट्रक धुऊन आला की दारात उभा राहून बघायचा. "बाय," एकदा तो म्हणाला, "ह्यां पाखरू असा काय भरल्या वांग्याची तयारी?" मी त्याला सांगितलं, की ह्यातला एक जरी कमी झाला तरी तुझ्या खोलीचं कुलूप बदलीन. त्यानंतर तोच मला केवणीची साल सोलून द्यायला लागला.

मांडणीवर मी जास्त मेहनत घेतली. चौकट म्हणजे पृथ्वी. गणपतीच्या पुढची, लोकांच्या डोळ्यांसमोरची बाजू दक्षिण. तिथे पांढरी साय धरलेले कोहळे, म्हणजे बर्फ. कोहळ्यांवर सम्राट आणि आडेली. त्यांच्या मागे बेटांवरचे तुरेवाले. एका कडेला आफ्रिकेच्या टोकाचा, दुसऱ्या कडेला पेरू-चिलीच्या किनाऱ्याचा. मधोमध हिरव्या केळ्यांचा घड, तो विषुववृत्त, आणि त्याला बिलगून गॅलापागोस बेटांवरचा एकटा पेंग्विन, उन्हात राहणारा. त्याच्या पलीकडे मागच्या जनेलापर्यंतचा, म्हणजे खिडकीपर्यंतचा, सगळा अर्धा भाग साधा, फक्त फळं. कारण त्या अर्ध्या पृथ्वीवर पेंग्विन नाहीत. हीच गोष्ट मला सांगायची होती. पुस्तकातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच होती, की बर्फ दोन्ही टोकांना आहे, पण हे पक्षी एकाच बाजूचे.

शत्रूही केले. मये गावच्या मामाकडून आणलेला ठिपक्याठिपक्यांचा चिबूड हा बिबट्या सील, बर्फाच्या कडेखाली दबा धरून बसणारा. काजळ फासलेला दुधी हा काळापांढरा मारेकरी देवमासा. नारळाच्या सुक्या सोडणाचा स्कुआ पक्षी, अंडी आणि पिल्लं पळवणारा. तो कोहळ्यांच्या वर टांगता. गॅलापागोसजवळ करांद्याच्या कंदाचा समुद्रसिंह. आफ्रिकेच्या पेंग्विनांना माणसांनी नेलेली कुत्रीमांजरंही खातात, पण कुत्रा मी केला नाही. आमचा खरा कुत्रा दारात झोपलेला होता, परीक्षकांना तोच दाखवायचं मी ठरवलं होतं.

बाबा सांगायचे, की बर्फावर त्या पक्ष्यांना माणसाची भीती वाटत नाही. ते गाडीखाली पाठीवर पडून काम करत असताना एक आडेली त्यांच्या बुटापर्यंत चालत आला आणि बघत उभा राहिला, हत्यारं हातात द्यायला आल्यासारखा. जमिनीवर त्यांना खाणारं मोठं जनावरच नाही, तर भ्यायचं कोणाला? भीती सगळी पाण्याच्या काठाची. तिथे थवाच्या थवा येऊन थांबतो, एकमेकांना रेटतो आणि पहिली उडी कोणीच मारत नाही. हे मी परीक्षकांना सांगणार होते. आरशासमोर नव्हे, चुलीसमोर तयारी करत होते, कारण नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, सारण परतायचं काम माझ्याकडे होतं. आई नेवऱ्यांच्या कडा मुरडत ऐकायची. मधेच विचारायची, अंडं पायावर घेऊन उभा राहतो तो बापच ना? बाप, मी म्हणायचे. मग ती पुढची नेवरी घ्यायची.

तर तयेच्या त्या दुपारी माटोळी बांधून होत आली होती. गोपाळ शिडीवर, मी खालून काय कुठे ते सांगत होते. पातोळ्यांसाठी हळदीची पानं धुऊन ठेवली होती, त्यांचा वास खोलीभर होता. कुठल्यातरी घरी मुलं घुमटावर हात बसवत होती. आणि प्रसाद अस्वल घेऊन आला. दोन असोळ्या नारळांना कापूस चिकटवलेला, मिऱ्यांचे डोळे, सुपारीचं नाक. चांगलं झालं होतं, ते मी नाकारत नाही. आप्पांना ते फार आवडलं. पेंग्विनांच्या मधे बांध म्हणाले.

मी म्हटलं, पांढरं अस्वल उत्तरेला असतं, पेंग्विन दक्षिणेला. त्यांची जन्मात गाठ पडत नाही. आप्पा म्हणाले, बर्फ तो बर्फ. मी त्यांना मांडणी समजावली. मग वाटही काढून दिली. भांडण मिटवायची वाट नेहमी मीच काढते, हेही तेव्हापासूनचंच. "आप्पा, अस्वल त्या टोकाक बांधया, जनेलाकडे," मी म्हटलं. "तो उत्तर ध्रुव. थंय ता बरोबर बसता."

"थंय कोणाक दिसतला?" आप्पा म्हणाले. "आनी आर्दी माटोळी तू रिकामीच सोडलंस. लोक म्हणतले, ह्यांच्याकडे बांदूक काय नाय."

मी म्हटलं, रिकामी नाही, ती पृथ्वी आहे. काकी हसली. आप्पा वर्तमानपत्र घेऊन बसले. मला वाटलं, पटलं. अस्वल मेजावर राहिलं.

चवथीच्या सकाळी मी आंघोळ करून, नवे कपडे घालून बाहेर आले तेव्हा भटजी आले होते, मूर्ती बसली होती आणि अस्वल सम्राट पेंग्विनांच्या मधोमध, पंजा एकाच्या डोक्यावर ठेवून लटकत होतं. मी नसताना बांधलं आणि लगेच पूजा सुरू केली. आता नियम लागू. आता ते देवाचं. मी आप्पांकडे पाहिलं, ते डोळे मिटून हात जोडून उभे होते. माझा राग कधी सुरू झाला असं कोणी विचारलं तर मी ही जागा दाखवीन. अस्वल बांधलं त्याचा तो राग नव्हता. देवाला पुढे करून बांधलं, त्याचा होता.

दोन दिवस लोक येत राहिले. शेजारपाजारची मुलं अस्वलाकडे बोट दाखवून ओरडायची आणि प्रसाद त्यांना ते पेंग्विनांना कसं फाडून खातं ते सांगायचा. मी पाव आणि भाज्यांचं खतखतं वाढत फिरायचे आणि प्रत्येकाला पुन्हा खरं काय ते सांगायचे. एक बाई मला म्हणाली, बाय, चवथीक तरी तोंड गोड ठेव.

तिसऱ्या दिवशी परीक्षक आले. दोघेजण. त्यांतले बोलणारे एक निवृत्त शिक्षक, डिचोलीहून आलेले. आप्पांनी त्यांना कदेली, म्हणजे खुर्च्या, दिल्या, नेवऱ्यांची ताटली पुढे केली आणि म्हणाले, ही सगळी कल्पना आमच्या प्रसादाची. तोच सांगेल. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, हातात चहाचा ट्रे. प्रसाद उभा राहिला. माझी वाक्यं त्याने महिनाभर ऐकली होती. सम्राट, आडेली, तुरेवाले, सगळं ओळीने म्हणाला, माझ्याच शब्दांत. मी थांबते तिथे थांबत म्हणाला. मग म्हणाला, आणि पेंग्विनांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे हे पांढरं अस्वल.

"ते खोटं आहे," मी म्हटलं. ट्रे मेजावर ठेवला. "अस्वल त्या बाजूला राहतं. आणि ही माटोळी मी केलीय."

आप्पांनी मान न वळवता मला आत जायला सांगितलं. शिक्षक हसले. रागावले असते तर चाललं असतं. "मुली," ते म्हणाले, "ही माटोळी आहे, भूगोलाचा पेपर नव्हे. आणि घरचंच काम आहे ना? भावाने केलं काय, बहिणीने केलं काय."

खोलीत काकी होती, गोपाळ होता, शेजारची चार माणसं होती. पिठाची पेज कोणी लावली, ते सगळ्यांना माहीत होतं. एकही जण बोलला नाही. मी भिंतीजवळची कदेल उचलली आणि माटोळीखाली आणली. ती जुनी, एक पाय आखूड असलेली होती. मी चढायला पाय ठेवला तशी डगमगली. मग ती डगमगायची थांबली. मी खाली पाहिलं, तर आई. पदर खोचलेला, हाताला नारळाचा चव लागलेला, दोन्ही हातांनी कदेलीची पाठ धरलेली.

"चड," ती म्हणाली. "मी धरतंय."

आप्पांच्या तोंडावर आई एक वाक्य बोलली असं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी केवणीची गाठ सोडली. अस्वल खाली ठेवलं नाही, जमिनीला लागू दिलं नाही. काखेत धरून उतरले. आईने कदेल उचलून जनेलाकडे नेली, मी परत चढले आणि अस्वल तिथे, अगदी टोकाला बांधलं. नियम खाली न उतरवण्याचा होता, जागा न बदलण्याचा नव्हता. कोणी म्हटलं असतं तर मी हे सांगितलं असतं. कोणी म्हटलं नाही. परक्या माणसांसमोर आप्पांना ओरडता येत नव्हतं. उठताना शिक्षक तेवढं म्हणाले, की अस्वल मधे होतं तेव्हा जास्त उठून दिसत होतं.

ते गेल्यावर आप्पांनी मला फक्त एवढंच सांगितलं, की ह्याच्या पुढे ह्या घरातल्या माटोळीला मी हात लावायचा नाही. आईशी ते दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. तिला काही हवं असलं की काकीमार्फत विचारावं लागायचं. आमच्या माटोळीला बक्षीस मिळालं, कल्पकतेचं. नाव प्रसादचं पुकारलं, आप्पा त्याच्याबरोबर मंचावर गेले आणि बक्षिसाचा कागद चौकटीत घालून भिंतीवर लागला. प्रसाद मला म्हणाला, मी काय करू, आप्पांनी सांगितलं. हे वाक्य त्याला आजपर्यंत पुरलंय.

मी बाबांची वाट पाहत होते. विसर्जन होऊन गेल्यावर एकदा त्यांचा फोन खाणीच्या कार्यालयात येणार असा निरोप आला. आई आणि मी तिथे जाऊन बसलो. आवाज थांबून थांबून यायचा. मी सगळं एका दमात सांगितलं: अस्वल, प्रसाद, कदेल, आईचं बोलणं. मला खात्री होती, की जगात एक माणूस तरी हे ऐकून चिडेल, कारण तो त्या क्षणी तिथे बसलेला होता, जिथे अस्वल नाही.

"सोड गो," बाबा म्हणाले. "आप्पा मोठे असत. अस्वलान कोणाचा काय वायट केल्यान?"

मी फोन आईला दिला. बाबा परत आले तेव्हा त्यांनी आप्पांसाठी बर्फावरचा एक दगड आणला आणि तो भिंतीवरच्या त्या बक्षिसाच्या चौकटीखालच्या फळीवर ठेवला गेला. मी बाबांवर प्रेम केलं, त्यांच्या शेवटच्या आजारात सगळं केलं. पण पेंग्विनांबद्दल त्यांच्याशी पुन्हा बोलले नाही. त्यांनाही त्याचं फारसं काही वाटलं नसावं. कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवरून. एवढीशीच होती. म्हणून तर एखाद्याला ती सहज बरोबर करता आली असती.

आता आप्पा नाहीत, बाबा नाहीत, काकी नाही. मी लग्न होऊन धारगळला आले, हमरस्त्यावर आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, ते मी चालवते. पेडणे तालुक्यातल्या माटोळ्या बघायला मला परीक्षक म्हणून बोलावतात आणि मी प्रत्येक घरी पहिला प्रश्न विचारते, की रानात कोण गेलं होतं? पुरुष बाजूला होतात आणि मागून कोणीतरी ओले हात पुसत पुढे येतं. तिच्याशीच मी बोलते. ह्यावरून माझ्याबद्दल तक्रारी झाल्या आहेत. मला बोलावणं येतंय तोवर मी हेच करणार आहे.

पण लाटंबार्सें पेडण्यात येत नाही. आमच्या घरची माटोळी आता प्रसादची मुलगी रुचा करते. ह्या वर्षी तिने समुद्री कासवं केली आहेत. जून निरफणसांची कवचं, वाळूसाठी भाताचा कोंडा, अंडी खाणारे कोल्हे आणि घारीसुद्धा. मोरजीला जाऊन तिने कासवं राखणाऱ्या माणसांना विचारून घेतलं. फोटो मला पाठवले. मी तिला विचारलं, परीक्षकांशी कोण बोलणार? ती म्हणाली, पप्पा. मंडळाला घरच्या मोठ्याने बोललेलं आवडतं म्हणे.

मी तेव्हाच प्रसादला फोन करणार होते. पण आई त्या घरात आहे. तिला धारगळच्या रस्त्याचा आवाज सोसत नाही, ती तिथेच राहते, प्रसादच्या बायकोच्या हातचं जेवते आणि तिची औषधं प्रसाद आणतो. हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. आई फोनवर म्हणाली, "चवथ होऊ दी. मगे बोल." गेल्या वर्षीही रुचाऐवजी प्रसादच बोलला, तेव्हाही तिने हेच सांगितलं होतं आणि मी ऐकलं. चवथ झाल्यावर बोलून रुचाला काय मिळणार, हे मी तिला विचारलं नाही. ती कदेल धरणारी बाई आता काठीशिवाय उभी राहत नाही.

आज तय आहे. दुकान लवकर बंद केलं, उद्याच्या पुरणाची डाळ भिजली, नारळ खवून झाले, फुलं आली. रुचाचा आणखी एक फोटो आलाय. सगळी कासवं बांधून झाली आहेत. परीक्षक परवा येणार. प्रसादला फोन करायचा राहिलाय.